खांदा दुखतो तेव्हा स्नायू काय करतात?

खांद्याचे जे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकते, त्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. कंबर, मान आणि गुडघा यांच्याप्रमाणेच खांद्याची तक्रारही दवाखान्यात नेहमी ऐकू येते. केस विंचरताना हात डोक्यापर्यंत पोचत नाही, सदऱ्याची बाही चढवताना कळ येते, ब्लाउजचे मागचे हूक लावता येत नाहीत, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे काढला तर हाड बहुतेकदा ठीक असते. एमआरआयमध्ये थोडी झीज दिसली, तरी तेवढीच झीज खांदा अजिबात न दुखणाऱ्या माणसातही सापडते. म्हणून गेल्या काही दशकांत संशोधकांचे लक्ष स्नायूंच्या कामाकडे वळले. दुखऱ्या खांद्याभोवतीचे स्नायू कधी जागे होतात, किती जोर लावतात, कोण कोणाचे काम अंगावर घेतो आणि काम संपल्यावर कोण विसावतो, हे आता मोजता येते. या मोजमापांतून पुढे आलेली मुख्य गोष्ट ही, की जुनाट दुखण्यात खांदा सरसकट कमजोर होत नाही, त्याच्या स्नायूंमधली कामाची वाटणी बदलते.

सैल सांधा, स्नायूंवर मदार

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचे गोल डोके ज्या खोबणीत बसते ती इतकी उथळ आहे, की कोणत्याही क्षणी डोक्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकलेला असतो. खुब्याच्या सांध्यात हाड खोल रुतून बसते आणि हाडच हाडाला आधार देते. खांद्यात ही सोय नाही. हात पुढे, मागे, वर, आडवा असा कुठेही नेता यावा यासाठी निसर्गाने हाडांचा आधार कमी ठेवला आणि ती जबाबदारी स्नायूंवर टाकली.

ही खोबण ज्या हाडावर आहे ते पाठीवरचे चपटे, त्रिकोणी हाड म्हणजे खांद्याचे पाते. डॉक्टर त्याला स्कॅप्युला म्हणतात. पाते बरगड्यांना कुठेही सांधलेले नाही. गळ्याखालच्या कॉलर बोनशी त्याचा एक छोटा सांधा आहे, तेवढाच काय तो हाडांचा दुवा. बाकी सारे पाते त्याला चिकटलेल्या सतरा स्नायूंच्या ताणावर पाठीवर सरकत, फिरत असते.

या स्नायूंच्या कामाचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट रोटेटर कफचा. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू पात्यापासून निघतात आणि त्यांच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या डोक्याला वरून, मागून व पुढून वेढून घट्ट चिकटतात. डोके खोबणीच्या मध्यावर दाबून ठेवणे हे त्यांचे मुख्य काम. दुसऱ्या गटात हात उचलणारे मोठे स्नायू येतात. खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड हा त्यांतला प्रमुख. तिसरा गट पाते हलवणाऱ्यांचा. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा त्यातला सर्वांत ठळक स्नायू असून त्याचे वरचे, मधले आणि खालचे असे तीन भाग वेगवेगळ्या दिशांनी ओढतात. बरगड्यांवरून निघून पात्याच्या आतल्या कडेला जाऊन मिळणारा सेरेटस अँटीरियर पात्याला पुढे ओढतो आणि छातीच्या पिंजऱ्याशी घट्ट धरून ठेवतो. जोर मारताना शरीर वर उचलले गेल्यावर शेवटी पाठ आणखी थोडी वर ढकलली जाते, ती मुख्यतः याच स्नायूच्या बळावर.

हात वर जातो तेव्हा

हात बाजूने वर नेताना दंडाचे हाड आणि पाते दोन्ही एकाच वेळी फिरतात. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४च्या आपल्या ग्रंथात या जोडगतीची दखल घेतली. पुढे १९४४ साली इनमन, सॉन्डर्स आणि अ‍ॅबट या तिघांनी तिचे मोजमाप प्रसिद्ध केले. हात पूर्ण १८० अंश वर गेला, तर साधारण १२० अंश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून मिळते, असा तो दोनास एकाचा हिशेब. प्रत्यक्षात हे प्रमाण माणसागणिक आणि हालचालीच्या टप्प्यागणिक बदलते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. मात्र पाते वेळेवर फिरले नाही तर हात नीट वर जात नाही, हे मूळ सूत्र कायम आहे.

या हालचालीत स्नायूंवर किती भार येतो, हे एका साध्या उदाहरणावरून कळते. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोंचा असतो. हात खांद्याच्या रेषेत आडवा, सरळ धरला, तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर येतो. उलट, हात पेलणारे स्नायू सांध्याच्या मध्यापासून अवघ्या ३ सेंटीमीटरच्या आसपास ओढ देतात. तरफेच्या नियमाने त्यांना हाताच्या वजनाच्या दसपट, म्हणजे ३० किलोंच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. आता त्याच सरळ हातात, वरच्या फळीवरून उतरवलेला २ किलोंचा डाळीचा डबा असेल, तर खांद्यापासून ६० सेंटीमीटरवरच्या त्या डब्यासाठी आणखी ४० किलोंचा जोर लागतो. एकूण ७० किलो. तोच डबा कोपर वाकवून अंगाजवळ धरला की हा आकडा झपाट्याने खाली येतो. खांदा दुखणाऱ्याला जड वस्तू अंगाजवळ धरून उचलायला सांगतात, त्यामागे हा हिशेब आहे.

डेल्टॉइडच्या या ओढीत एक धोका असतो. सुरुवातीच्या टप्प्यात तो दंडाचे हाड नुसते फिरवत नाही, वरही खेचतो. हाडाचे डोके आणि त्याच्यावरचे पात्याचे टोक, म्हणजे अ‍ॅक्रोमियन, यांत अंतर असते जेमतेम एक सेंटीमीटर. त्या फटीतून सुप्रास्पायनेटसची कंडरा जाते. रोटेटर कफ डोके खाली व आत दाबून धरतो म्हणून ही फट टिकते. हात वर नेण्याचे पहिले पंधरा अंश सुप्रास्पायनेटस एकटा करतो आणि पुढे डेल्टॉइड सूत्रे हाती घेतो, असे शरीररचनेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. स्नायूंचे विद्युत-संकेत मोजल्यावर हे खरे नसल्याचे दिसले. दोघेही सुरुवातीपासून आणि शेवटपर्यंत बरोबरच काम करतात.

स्नायूंची वीज मोजताना

स्नायूला आकुंचनाचा आदेश मज्जातंतूंतून विजेच्या सूक्ष्म लहरींच्या रूपाने येतो आणि स्नायूच्या तंतूंवरून तशाच लहरी धावतात. बेडकाच्या पायावरचे लुइजी गॅल्व्हानी यांचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले. एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४९मध्ये माणसाने स्वतःहून आवळलेल्या स्नायूंतून निघणारा विद्युतप्रवाह नोंदवला. त्याच वाटेने आजचे इलेक्ट्रोमायोग्राफीचे, म्हणजे ईएमजीचे तंत्र विकसित झाले.

खांद्याची ईएमजी तपासणी दिसायला साधी, पण करायला किचकट असते. ट्रॅपेझियसच्या वरच्या भागासाठी मानेच्या तळाशी हाताला लागणारा मणका आणि खांद्याचे टोक यांच्यामधली जागा शोधली जाते. तिथली लव काढून, कातडी स्पिरिटने घासून स्वच्छ केली जाते आणि दोन छोट्या चकत्या एकमेकींपासून सुमारे २० मिलिमीटरवर चिकटवल्या जातात. मिळणारा संकेत व्होल्टच्या हजाराव्या भागापेक्षाही बहुधा लहान असतो. जवळच्या हृदयाचे ठोके, घरगुती विजेची गुणगुण आणि शेजारच्या स्नायूचा गलबला हे सारे त्यात मिसळते. सुप्रास्पायनेटस ट्रॅपेझियसखाली आणि सबस्कॅप्युलॅरिस पात्याच्या आतल्या बाजूला दडलेला असल्याने त्यांच्यासाठी कातडीवरच्या चकत्या पुरत नाहीत, केसासारख्या बारीक तारा सुईने स्नायूत सोडाव्या लागतात.

मिळालेला आकडा तसाच वापरता येत नाही. कातडीखालची चरबी, चकतीची जागा, घाम यांमुळे तो प्रत्येकात वेगळा येतो. म्हणून आधी त्या व्यक्तीला पूर्ण ताकद लावायला सांगतात आणि नंतरची प्रत्येक नोंद त्या कमाल ताकदीच्या टक्केवारीत मांडतात. खांदा दुखणाऱ्यांच्या बाबतीत इथेच अडचण येते. कळ येत असताना कोणीही पूर्ण ताकद लावत नाही. कमाल आकडाच कमी धरला गेला, की पुढच्या सगळ्या टक्केवाऱ्या फुगलेल्या दिसतात. वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष नेहमी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

दुखऱ्या खांद्यात काय बदलते

डोक्यावर हात नेऊन काम करणाऱ्यांच्या खांद्यांवर बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेत पॉला लुडविग आणि थॉमस कुक यांनी २०००मध्ये ५२ बांधकाम कामगारांचे निष्कर्ष मांडले. त्यांतल्या काहींना हात वर नेताना खांद्यात दुखत होते, बाकीच्यांना नव्हते. मोकळ्या हाताने, मग सुमारे २.३ किलो आणि ४.६ किलो वजन घेऊन हात वर नेताना त्यांच्या स्नायूंचे संकेत नोंदवले गेले. दुखणाऱ्यांमध्ये सेरेटस अँटीरियरचे काम प्रत्येक वजनाला आणि प्रत्येक टप्प्यावर कमी भरले. हालचालीच्या पुढच्या टप्प्यांत ट्रॅपेझियसच्या वरच्या व खालच्या भागांचे काम वाढले होते. त्यातही वरच्या भागातली वाढ फक्त ४.६ किलोंच्या वजनाला दिसली. पात्याला फिरवून छातीशी धरणारा स्नायू मागे पडला आणि पाते वर उचलणारा पुढे सरसावला, असा याचा अर्थ. अशा माणसाच्या मागे उभे राहून पाहिले तर हात वर जाताना खांदा कानाकडे चढलेला दिसतो आणि हात खाली येताना पात्याची आतली कड पाठीवरून सुटून उठून दिसते.

किती जोर लागला याइतकाच कधी लागला हाही प्रश्न महत्त्वाचा. बेल्जियममधील घेंट विद्यापीठातल्या अ‍ॅन कूल्स व सहकाऱ्यांनी २००३मध्ये डोक्यावरून हात फिरवावा लागणाऱ्या खेळांतल्या खेळाडूंची तपासणी केली. हाताचा आधार अचानक काढून हात खाली पडू दिला, तेव्हा खांदा दुखणाऱ्या खेळाडूंत ट्रॅपेझियसचे मधले आणि खालचे भाग निरोगी खेळाडूंपेक्षा उशिरा जागे झाले. फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा असतो. पण वेगाने फेकलेल्या किंवा टोलावलेल्या चेंडूच्या खेळात पात्याला स्थिर व्हायला तेवढाच वेळ मिळतो.

रोटेटर कफचीही अशीच कथा. दुखऱ्या खांद्यात त्याची ताकद कमी भरते, पण त्याचे कारण नेहमी कंडरा फाटलेली असणे हे नसते. अ‍ॅक्रोमियनखालच्या फटीत भूल देणारे इंजेक्शन दिले, की अनेकांची मोजलेली ताकद काही मिनिटांत वाढते. इतक्या थोड्या वेळात स्नायू बळकट होणे शक्य नाही. वेदनेमुळे मेंदू आणि मज्जारज्जू त्या स्नायूला पुरता आदेशच देत नव्हते, हा त्याचा खुलासा.

या सगळ्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले, तर ट्रॅपेझियसच्या वरच्या भागाचे काम वाढणे आणि खालचा भाग व सेरेटस यांचे काम घटणे, असा कल बहुतेकदा हाती लागतो. तो कल आहे, नियम नव्हे. लुडविग-कुक यांच्या कामगारांत खालचा ट्रॅपेझियस उलट जास्त काम करत होता, हे त्याचेच उदाहरण. एकाच निदानाच्या दोन रुग्णांत दोन वेगळे नमुने सापडतात.

विसावा न मिळणारे तंतू

खांद्याचे सगळे जुनाट दुखणे जड कामातून येत नाही. शिवणयंत्रावर, संगणकावर, पॅकिंगच्या टेबलावर दिवस काढणाऱ्यांचे मान-खांदे दुखतात, तेव्हा त्यांच्या ट्रॅपेझियसवरचा भार कमाल ताकदीच्या अवघ्या काही टक्क्यांचा असतो. एवढ्या हलक्या कामाने स्नायू का दुखावा, हा प्रश्न स्कँडिनेव्हियातील संशोधकांनी लावून धरला.

स्वीडनचे बेंग्ट यॉनसन यांनी दिवसभराच्या कामासाठी मर्यादा सुचवल्या. स्नायूवर सतत राहणारा भार कमाल ताकदीच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये आणि पाच टक्क्यांच्या पुढे तर जाऊच नये. हे आकडे इतके लहान का, याचे एक उत्तर स्नायूच्या रचनेत आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवूड हेनमन यांनी दाखवलेल्या तत्त्वानुसार स्नायूतले तंतूंचे लहान गट आधी कामाला लागतात, जोर वाढवावा लागला तरच मोठे गट सामील होतात, आणि काम उतरणीला लागले की लहान गट सर्वांत शेवटी सुटतात. त्यामुळे हलके काम तासन्‌तास चालले, तर तेच ते थोडे तंतू राबत राहतात आणि उरलेला स्नायू रिकामा असतो. स्वीडनचे योरान हेग यांनी १९९१मध्ये या कल्पनेला सिंड्रेलाचे नाव दिले, कारण परीकथेतली ही मुलगी घरात सर्वांत आधी उठते आणि सर्वांत शेवटी झोपते. काही रुग्णांच्या ट्रॅपेझियसमधून काढलेल्या नमुन्यांत ऊर्जानिर्मिती बिघडलेले तंतू आढळले. मात्र तसे तंतू कधी कधी दुखणे नसलेल्या कामगारांतही सापडल्याने केवळ त्यांवरून निदान होत नाही.

नॉर्वेत पॅकिंगच्या कामावरील महिलांच्या अभ्यासात यापेक्षा बोलका पुरावा मिळाला. संशोधकांनी ट्रॅपेझियसच्या संकेतातली क्षणिक विश्रांती मोजली. स्नायूचे काम कमाल ताकदीच्या अर्ध्या टक्क्याखाली निदान ०.२ सेकंद उतरले, तर ती एक विश्रांती. ज्या महिलांच्या नोंदीत अशा विश्रांती कमी होत्या, त्यांच्यात पुढे खांदेदुखी जास्त आढळली. म्हणजे स्नायू किती जोरात काम करतो याइतकेच तो मधूनमधून सुटतो की नाही, यावरही दुखणे अवलंबून असते.

मानसिक ताणाचा वाटाही इथेच कळतो. हात मांडीवर ठेवून, काहीही न उचलता, नुसती वेळेच्या दडपणाखाली गणिते सोडवायला दिली, तरी ट्रॅपेझियसचा संकेत वाढतो. दिवसअखेर पगारपत्रकाची मुदत आली की खांदे वर ओढलेले राहतात, ते उगाच नव्हे.

सतत आवळलेल्या स्नायूत रक्तपुरवठाही अडतो. हात फक्त ३० अंश उचलून धरला, तरी सुप्रास्पायनेटसच्या आतला दाब इतका वाढतो की रक्तप्रवाह मंदावतो, असे स्वीडनमधील मोजणीत दिसले. फळ्यावर लिहिणारे शिक्षक, छताला रंग देणारे रंगारी आणि गिलावा करणारे गवंडी हात याहून कितीतरी वर धरून काम करतात.

वेदना आणि हालचाल

वेदनेने स्नायू कसा बदलतो, याविषयी आधी दोन परस्परविरोधी मते होती. एका मतानुसार वेदनेने स्नायू आवळतो, आवळल्याने अधिक दुखतो आणि हे चक्र स्वतःच फिरत राहते. १९९१मध्ये मांडलेल्या दुसऱ्या मतानुसार वेदनेने दुखऱ्या स्नायूचे काम घटते आणि त्याच्या विरुद्ध ओढणाऱ्या स्नायूचे वाढते, म्हणजे हालचाल आपोआप मंद व सावध होते.

दोन्ही मते तपासण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूत तीव्र मिठाचे पाणी टोचले जाते. त्याने काही मिनिटे खरी स्नायूवेदना होते आणि मग ती ओसरते. ट्रॅपेझियसच्या वरच्या भागात असे पाणी टोचून हात वरखाली करायला सांगितले, तेव्हा त्या भागाचे काम घटले, त्याच बाजूच्या खालच्या भागाचे वाढले आणि दुसऱ्या खांद्याचा वरचा भागही अधिक कामाला लागला. वेदनेने स्नायू सरसकट आवळत नाही, तसा सरसकट ढिलाही पडत नाही. काम इतरत्र वळवले जाते. हे आणि असे इतर पुरावे जमेस धरून पॉल हॉजेस आणि काइली टकर यांनी २०११मध्ये नवी मांडणी केली. दुखऱ्या भागाला तातडीने वाचवण्यासाठी मज्जासंस्था स्नायूंत आणि स्नायूंच्या आतही काम नव्याने वाटते. ही वाटणी प्रत्येकाची वेगळी असते. थोड्या काळासाठी ती फायद्याची असते, पण तीच पुढे चालू राहिली तर नवा भार, नवी झीज आणि कमी हालचाल पदरी पडते.

जुनाट दुखण्यात आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे हालचालीतली विविधता. डेन्मार्कमध्ये पास्काल मॅडेलिन यांनी मांस कापणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला. एकच काम निरोगी माणूस दर खेपेस किंचित वेगळ्या तऱ्हेने करतो, त्यामुळे भार आलटून पालटून वेगवेगळ्या तंतूंवर पडतो. वेदना नवी असताना ही विविधता वाढते, जणू शरीर न दुखणारी वाट शोधत असते. दुखणे जुने झाले की ती कमी होते आणि तीच ती हालचाल त्याच त्या तंतूंकडून होत राहते.

गोठलेला खांदा

फ्रोझन शोल्डर हा वेगळा आजार असून हे नावही कॉडमन यांच्या १९३४च्या ग्रंथातून आले. यात सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते व आखडते. हात बाहेरच्या बाजूला वळवणे सर्वांत आधी अवघड होते. मधुमेह असलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे आपल्याकडे या आजाराचे रुग्ण वारंवार भेटतात.

आखडण्याचा सगळा दोष आवरणाचाच असतो, असे मात्र नाही. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात फ्रोझन शोल्डरच्या पाच रुग्णांचा हात पूर्ण भूल देण्याआधी आणि दिल्यानंतर दुसऱ्याने उचलून पाहिला. भुलीखाली पाचही जणांचा हात बाजूने बराच अधिक वर गेला. आवरण तेच होते. फक्त स्नायूंनी घातलेला पहारा उठला होता. रुग्णसंख्या लहान असल्याने यातून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण ताठरपणाचा काही भाग तरी स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, हे स्पष्ट होते.

चित्रातला दोष आणि दुखणे

अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७२मध्ये मांडले, की अ‍ॅक्रोमियनच्या खालच्या बाजूला कंडरा घासते व चिमटते, म्हणून खांदा दुखतो. हाडाचा तो भाग तासून फट रुंद करण्याची शस्त्रक्रिया त्यानंतर जगभर रूढ झाली. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत काहींचे हाड तासले, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून काहीही न तासता ती बाहेर काढली आणि काहींवर कोणतेच उपचार केले नाहीत. हाड तासलेले आणि न तासलेले रुग्ण सारखेच सुधारले. उपचार न घेतलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित सरस होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा एवढा नव्हता. फिनलंडमधील चाचणीतही हाड तासल्याचा वेगळा लाभ आढळला नाही.

फाटलेल्या कंडरेचेही असेच आहे. जपानमधील एका गावात ६६४ रहिवाशांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांमध्ये रोटेटर कफ आरपार फाटलेला आढळला. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना काहीच दुखत नव्हते. वाढत्या वयात केस पांढरे व्हावेत तशी ही झीजही होते. उरलेल्या स्नायूंनी काम नीट वाटून घेतले, तर फाटलेल्या कंडरेचा खांदाही बिनतक्रार चालतो. पडल्याने किंवा झटका बसल्याने अचानक फाटलेल्या कंडरेची गोष्ट निराळी. तिथे शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो.

व्यायामाने काय साधते

जुनाट खांदेदुखीवरचा पहिला उपचार व्यायाम हाच मानला जातो. स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या रुग्णांना बारा आठवडे रोटेटर कफ आणि पात्याच्या स्नायूंचे, वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारे व्यायाम दिले गेले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला मान-खांद्याचे सामान्य व्यायाम दिले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पहिल्या गटातल्या २० टक्के रुग्णांनी शेवटी शस्त्रक्रिया निवडली, दुसऱ्यातल्या ६३ टक्क्यांनी.

कामामुळे ट्रॅपेझियस दुखणाऱ्या महिलांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या चाचणीत आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटे, असे दहा आठवडे डंबेल्सने खांद्याचे व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले. नुसती सायकल चालवणाऱ्यांना व्यायामानंतर थोडा वेळच आराम पडला. २०११च्या दुसऱ्या डॅनिश चाचणीत १९८ कार्यालयीन कर्मचारी होते. रबरी पट्टा ओढून हात बाजूने वर नेण्याचा व्यायाम दिवसाला फक्त दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस केल्यानेही दहा आठवड्यांत दुखणे कमी झाले.

कोणता व्यायाम कोणत्या स्नायूला जागा करतो, हे ईएमजीवरून ठरवता येते. भिंतीला किंवा जमिनीला हात टेकून जोर मारताना शेवटी पाठ आणखी ढकलली, तर सेरेटस भरपूर काम करतो. कुशीवर झोपून, वरच्या हाताचे कोपर कमरेशी ठेवून पंजा वर उचलला, की इन्फ्रास्पायनेटस कामाला लागतो आणि ट्रॅपेझियसचा वरचा भाग शांत राहतो. पालथे झोपून हात बाजूला उचलल्याने त्याचे मधले व खालचे भाग जागे होतात. संकेत पडद्यावर दाखवला, तर वरचा भाग सैल ठेवून खालचा आवळण्याचे कसब माणसे थोड्या सरावाने शिकतात.

व्यायामाने स्नायूंचा नमुना दुरुस्त होतो आणि म्हणून दुखणे थांबते, असा सरळ संबंध मात्र सिद्ध झालेला नाही. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर रुग्णांचे दुखणे कमी झाले, ताकद वाढली, पण पात्याची हालचाल पूर्वीसारखीच राहिली, असे २००४च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या २०२१च्या चाचणीत फिजिओथेरपिस्टकडे अनेक खेपा घालणारे आणि एकदाच नीट सल्ला घेऊन घरी व्यायाम करणारे, दोघेही वर्षअखेर सारखेच सुधारले. वाढलेली सहनशक्ती, कमी झालेली भीती, सुटलेला पहारा आणि भाराला सरावलेली कंडरा या साऱ्यांचा सुधारणेत वाटा असावा, असे यावरून मानले जाते. व्यायाम करताना थोडे दुखले तर बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेले राहिले, तर वजन कमी करावे.

डॉक्टरांकडे जाणे कधी टाळू नये, हेही ठाऊक असावे. खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते, तिथे एक मिनिटही दवडू नये. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, खांदा लाल व गरम होऊन ताप येणे, विनाकारण वजन घटणे, हाताला मुंग्या व बधिरपणा येणे, या प्रत्येकाची कारणे वेगळी असतात आणि त्यांची तपासणी आधी व्हावी लागते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणणे हाही उपचाराचाच भाग.

हे धोके नसतील, तर दुखरा हात गळ्यात अडकवून जपत बसण्यात लाभ नाही. वापर थांबला की स्नायूंची बदललेली वाटणी पक्की होते. कामाच्या मधे मधे हात खाली सोडावा, खांदे सैल करावेत, जड वस्तू अंगाजवळ धरावी आणि जाणकाराकडून शिकून घेतलेला व्यायाम झेपेल तेवढ्या वजनाने किमान बारा आठवडे नेमाने करावा. जुनाट खांदेदुखीच्या बहुतेक रुग्णांसाठी एमआरआयच्या कागदापेक्षा हे बारा आठवडे अधिक मोलाचे ठरतात.